फळीवरची पहिली नोकरी

दिग्रसला आमचं घर जिनच्या आवारात होतं. घर शेटजींचं, आवार शेटजींचं, आतली भांडी आणि माणसं तेवढी आमची. हंगामात कापसातून सरकी वेगळी करणारी मशीन सुरू झाली की मांडणीवरची ताटं आपोआप थरथरायची, आणि मागच्या लाइनीतल्या कामगारांच्या घरांत सगळी माणसं ओरडूनच बोलायची. मीठ मागायचं असलं तरी आई सभेत उभी राहिल्यासारखी मागायची. नव्या पाहुण्यांना वाटायचं, या घरात काहीतरी बिनसलंय. बिनसलेलं काही नसायचं. जिन सुरू आहे म्हणजे बाबा कामावर आहेत, आणि बाबा कामावर आहेत म्हणजे संध्याकाळी भुवयांवर रुईचे पांढरे तंतू घेऊन घरी येणार, आणि आई शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी म्हणणार, "आले म्हातारे." ज्या वर्षी जिन बंद पडलं त्या वर्षी ओरडून बोलायची सवय मात्र बंद पडली नाही. कितीतरी दिवस आम्ही सगळे त्या शांततेत तसेच ओरडत राहिलो, आणि लाइनीतल्या प्रत्येक घराला दुसऱ्या घराची भांडणं तोंडपाठ झाली. मग लाजेकाजेस्तव एकेक घर हळू बोलायला शिकलं. आमच्या घरात बाबांनी बोलणंच सोडलं.

कापसाचे ते दिवस वाईट होते. त्याबद्दल शहाण्या माणसांनी पुष्कळ लिहिलं आहे, मी त्यात भर घालणार नाही. मला दिसलं ते एवढंच की फाटकाबाहेर कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, जी रांग लागायची ती दरवर्षी आखूड होत गेली आणि एका वर्षी लागलीच नाही. शेटजी आले, "औंदा राहू द्या," म्हणाले, आणि मशीनघराला कुलूप लावून गेले. काही कामगार आपापल्या गावी परतले, काही लाइनीतच राहून मिळेल त्या कामाला जाऊ लागले. बाबा जिनचे फिटर. मशीन खोलायची, जोडायची, तिच्या पोटात हात घालून तिला काय होतंय ते ओळखायचं, एवढंच त्यांना येत होतं. त्यांच्या देखरेखीखाली कुण्या कामगाराचं बोटसुद्धा कधी मशीनमध्ये गेलं नव्हतं. ही गोष्ट ते स्वतः सांगत नसत, आई सांगायची. शेटजींनी त्यांना "राहा, आवारावर नजर राहील," म्हणून घरात राहू दिलं. नजर ठेवण्यासारखं आवारात काही उरलं नव्हतं. बाबांनी ओसरीतली बाज धरली आणि भिंतीवर नजर ठेवली.

आई लग्नाकार्यात पोळ्या लाटायला जायची आणि मी शाळेत. घरी आलं की आधी ताट बघायचं. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, कधी बेसन, कधी अंबाडीची भाजी. जे जसं वाढलेलं असायचं ते तसंच झाकलेलं सापडायचं. आईनं ओरडून पाहिलं, रडून पाहिलं, गुळाचा शिरा करून पाहिला. बाबा कुणाशी भांडत नव्हते, कुणाला दोष देत नव्हते. हाक मारली की "हं" म्हणायचे. त्या वर्षांत आमच्या भागातल्या गावागावांतून कसल्या बातम्या येत होत्या ते सगळ्यांना ठाऊक होतं. अशी एखादी बातमी ऐकली की आई हातातलं टाकून ओसरीत डोकावून यायची, आणि मग काहीच न झाल्यासारखी परत पीठ मळायला बसायची. मला फार भीती वाटायची. शाळेतून परतताना फाटकापाशी माझी पावलं आपोआप हळू व्हायची. बाजेवरून बाबांचा पाय हललेला दिसला की मग मी नेहमीसारखी चालायची.

बसस्टँडजवळ हमीदभाईंचं गॅरेज होतं. हमीदभाई म्हणजे बाबांचे जुने दोस्त, बोलायला मोकळे आणि खोटं बोलायला फार कच्चे. एक दिवस ते गोणपाटात बांधलेल्या जुन्या बेरिंगांचं गाठोडं घेऊन आले आणि बाजेखाली आपटून म्हणाले, "फिटर, जरा देख तो इनको. कौनसे चलतील, कौनसे भंगारात टाकू? मेरे को टैम नाइ." त्यांच्याकडे टाइमच टाइम होता, हे आम्हाला माहीत होतं आणि बाबांनाही. तरी ते गेल्यावर बाबा उठून बसले. एका डब्याच्या झाकणात घासलेट ओतलं, बेरिंगं त्यात बुडवून धुतली, एकेक बोटावर घेऊन फिरवली आणि कानाशी धरून ऐकली. चार बरी निघाली. आता ती बरी आहेत हे सिद्ध करायला हवं होतं. त्यांनी मोडक्या बंडीची एक सागवानी फळी शोधली, तिला खालून दोन लोखंडी दांडे बसवले आणि दांड्यांच्या टोकांना नट आवळून चार बेरिंगं अडकवली. फळी कोब्यावर ठेवली. कोबा म्हणजे हंगामात कापूस ओतायला केलेलं सिमेंटचं अंगण, क्रिकेटचं मैदान मावेल एवढं आणि त्या वर्षी अगदीच रिकामं. बाबांनी फळीला पायानं ढकलून पाहिलं आणि वजन म्हणून ठेवायला काहीतरी शोधत इकडेतिकडे बघितलं. मी पायरीवर बसून भूगोल वाचत होते.

"ये वं सुजे, बस बरं यावर," ते म्हणाले. कित्येक आठवड्यांत त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. त्यांनी मला विहिरीत उतर म्हटलं असतं तरी मी उतरले असते.

अशी मी त्या फळीवर चढले. आवड म्हणून नाही, हे स्पष्ट लिहून ठेवते. पुढे जिला स्केटबोर्ड म्हणतात हे मला कळलं, ती वस्तू मी तेव्हा पाहिलेली नव्हती, बाबांनीही नव्हती. ते आपल्या परीनं चार बेरिंगांची चाचणी घेत होते आणि मी वजन होते. दोन दिवसांनी त्यांना वाटलं की बसलेलं वजन खाली दबून राहतं, त्यानं वळणावर काय होतं ते कळत नाही, तेव्हा वजनानं उभं राहायला हवं. मी उभी राहिले आणि लगेच आडवी झाले. बाबा धावत आले आणि त्यांनी फळी उलटी करून तपासली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पडतानी हात टेकू नको. खांद्यावर घे अन् लोळून जाय." एवढंच माझं शिक्षण. बेरिंगं उघड्या लोखंडाची असल्यामुळे आवाज असा व्हायचा की आख्ख्या लाइनीला वाटावं जिन सुरू झालं. काही म्हातारी माणसं सुरुवातीचे दोन-तीन दिवस खरोखर बाहेर येऊन बघून गेली, आणि माझ्यामुळे त्यांची निराशा झाली.

लाइनीतल्या बायकांना मात्र वेगळीच काळजी लागली. बसस्टँडवर पाय नसलेले एक गृहस्थ लॉटरीची तिकिटं विकायचे, त्यांची अशीच बेरिंगची फळी होती. दिग्रसमध्ये बेरिंगच्या फळीचा दुसरा उपयोग कुणी पाहिला नव्हता. त्यामुळे फिटरच्या मुलीला फळी करून दिली याचा अर्थ बायकांनी सरळ लावला. शेजारच्या शेवंताकाकू वाटीभर साय घेऊन आल्या, माझ्याशेजारी बसल्या आणि बोलता बोलता माझ्या पोटऱ्या दाबून पाहून गेल्या. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पोरीचे पाय का मोडले हायेत का?" ती बाबांवर कडाडली. "धडधाकट पोरीले गाडीवर चढवून राह्यले! लोकं काय म्हनतीन?" बाबा दांड्याला ग्रीस लावत होते. ते म्हणाले, "मागचं चाक वढून राह्यलं." आई अजून बरंच बोलणार होती, पण ग्रीसचे हात पुसून बाबा ताटावर येऊन बसले आणि त्यांनी भाकर मोडली. ते जेवून उठेपर्यंत ती वाढायचा चमचा हातात धरून तशीच उभी होती.

त्या दिवसापासून घराचा एक नियमच झाला. फळी बिघडली की बाबा उठायचे. खोलायचे, घासायचे, जोडायचे, आणि जेवायचे. फळी आईला डोळ्यांसमोर नको होती, पण ती माझी शाळेतून यायची वाट बघू लागली. दप्तर ठेवायच्या आत म्हणायची, "जाय, पड जाऊन." मी जायची आणि पडायची. दांडा वाकायचा, फळी चिरायची, नट उडायचा, आणि मी गुडघे झटकत बाबांना बोलवायची. चार-सहा आठवडे हे अगदी सुरळीत चाललं. बाबा अधूनमधून हमीदभाईंच्या गॅरेजपर्यंत जाऊन एखादा वायसर मागून आणू लागले. एकदा तर ठेच्यात मीठ जास्त झाल्याचं बोलले, आणि आईनं ती गोष्ट लाइनीत बारसं सांगावं तशी सांगितली.

माझ्या सासरच्या भाच्यानं पुण्यात आपल्या मुलाला स्केटबोर्डच्या क्लासला घातलं आहे. तिथल्या सरांनी पालकांना सांगितलं म्हणे की या खेळानं पुढे नोकरीत कामाला येणारे गुण अंगी बाणतात: तोल सांभाळणं, चिकाटी, पडून पुन्हा उठणं, असं बरंच. भाच्यानं मला ते फोनवर मोठ्या कौतुकानं ऐकवलं. मी म्हटलं, खरं आहे बाबा. मी पुढे एसटीत कंडक्टर झाले. निवडीच्या वेळी साहेबांनी विचारलं होतं, "चालत्या गाडीत उभं राहणं जमेल का?" मी म्हटलं, "थांबलेल्या गाडीतच जरा कठीण जातं." पुसदच्या रस्त्याला दोन्ही हात तिकिटांत गुंतलेले असताना वळण येतं ते माझ्या पायांना आधी कळतं, डोळ्यांना मागून. ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि तोल गेलाच तर कुणाच्या मांडीवर पडायचं नाही, हेही जमतं. आता नोकरीची बरीच वर्षं उरली आहेत, गुडघ्यांची त्याहून थोडी. पण त्या सरांनी एक गोष्ट गाळली, ती भाच्याला सांगायची राहून गेली. एखादं काम आपल्याला मुळीच आवडत नसताना, अंग दुखत असताना, रोज त्याच वेळी जाऊन उभं राहायचं, कारण आपण गेलो नाही तर घरात कुणीतरी जेवणार नाही. नोकरी म्हणजे माझ्या मते एवढंच, बाकीचं सगळं शिकवून येतं. माझी पहिली नोकरी त्या कोब्यावरची.

अडचण अशी झाली की बाबा हाडाचे फिटर होते. प्रत्येक दुरुस्तीनंतर फळी आधीपेक्षा चांगली व्हायची. दांडे जाड झाले, नटावर दुसरा नट आला, नट फिरू नये म्हणून आरपार पिन आली, आणि एके दिवशी ती फळी बिघडायची थांबली. मी खांबाला धडकले, पायरीवरून उतरवली, मशीनघराच्या दारावर घातली. फळीला काही झालं नाही. मला झालं, पण मी बाबांच्या खात्यात येत नव्हते. बाबांनी फळी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "गाडी बरोबर हाय. चालवनारी चुकून राह्यली." आणि जाऊन बाजेवर आडवे झाले. त्या संध्याकाळी ताट जसंच्या तसं परत आलं, दुसऱ्या दिवशीही तेच. आई चुलीपुढे माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज काहून नाइ पडली वं?"

"पडली ना. किती बार पडली."

"मंग ते काहून नाइ उठले?"

"फळीले काइच नाइ होत, आई. मलेच होते."

आईनं तव्यावरची भाकर उलटली. आणि मग त्याच आठवड्यात फळी पुन्हा बिघडू लागली. मी शाळेतून येऊन तिच्यावर पाय ठेवला की कधी नट सैल निघायचा, कधी पिनच गायब असायची. मला वाटलं, देव... आमच्या घरात देव नाहीत, बुद्धवंदना असते, पण वाटलं मला तसंच, की कुणीतरी आमच्याकडे बघतंय. बाबा चक्रावले. "आवळलेला नट ढिला कसा होते?" ते फळीलाच विचारायचे. नटाचे कोपरे झिजलेले बघून म्हणायचे, "आजकालचा मालच कच्चा हाय." बाजारातून दुसरे नट आणायचे, आवळायचे, आणि हात धुऊन ताटावर बसायचे. मी आपली रोज चढण्याआधी पायानं फळी हलवून बघायची. एक दिवस बघितली नाही.

कोब्याच्या एका टोकाला बंड्या चढवण्यासाठी बांधलेला उतार होता. तोवर मी त्या उतारावरून उभ्यानं खाली यायला शिकले होते, आणि खोटं कशाला सांगू, तेवढा एक भाग मला आवडू लागला होता. त्या दिवशी अर्ध्या उतारावर मागचं डावं चाक निघालं. ते माझ्या पुढे पळत गेलं, फाटकापर्यंत गेलं, आणि तिथं गोल गोल फिरून आडवं झालं. एवढं मला दिसलं म्हणजे मी बराच वेळ हवेत असले पाहिजे. खाली येताना बाबांनी सांगितलेलं सगळं विसरून मी हात टेकवला. हमीदभाईंनी मला दुचाकीवर बसवून डॉक्टरकडे नेलं, मागे बाबा मला धरून. मनगट मोडलं होतं. पांढरं प्लास्टर बांधून घरी आणल्यावर हमीदभाई म्हणाले, "बच्चे का हड्डी है, जुड़ जाइन." बाबा म्हणाले, "जिनमदी इतक्या वर्सात कोनाचं बोट नाइ गेलं. अन् माह्या फिटिंगनं माह्या पोरीचा हात मोडला." मग ते बाजेवर गेले आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

ही वेळ आधीपेक्षा वाईट होती. आधी हाक मारली की "हं" यायचं, आता तेही येईना. दुसऱ्या दिवशी चहासुद्धा परत आला, वर साय धरून. हात दुखत नाही असं मी तीनदा सांगून पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी हमीदभाई येऊन बसले, त्यांनाही बोलायला काही सुचलं नाही, आणि खोटं बोलायला तर त्यांना आधीपासूनच येत नव्हतं. ते जाताना आईला दारात म्हणाले, "भाभी, नजर रखना." आई दुपारी स्वयंपाकाला बसली, पीठ मळलं, आणि मळलेल्या पिठाकडे बघत राहिली. मग तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि ओसरीत जाऊन बाजेच्या पायथ्याशी उभी राहिली. मी गळ्यात हात अडकवून दारात.

"आयकता का?" ती म्हणाली. "तो नट म्या ढिला केलता."

बाबा हलले नाहीत.

"मागचा. डावीकडचा. पोरगी शाळेत गेलती अन् तुमी झोपून होते."

मग भिंतीकडूनच आवाज आला, "कायनं?"

"सांडशीनं."

"अन् त्याच्या आदी? पिन निघाली होती, ते?"

"ते बी म्याच. समदं म्याच केलं."

"काहून?"

आमच्या आईला हळू बोलता येत नव्हतं असं मला वाटायचं. त्या दुपारी ती इतकं हळू बोलली की मला एक पाऊल पुढे यावं लागलं. "गाडी बिघडली का तुमी उठता. हात चालवता, जेवता. नाइ बिघडली तं असे पडून राह्यता. मले भेव वाटते तुमचं. रोज वाटते. पोळ्या लाटाले जातो तं तिथं बी वाटते, घरी जाऊन काय दिसन." तिनं श्वास घेतला. "पोरीचा हात मी मोडला. तुमच्या फिटिंगनं नाइ मोडला."

मी आईकडे बघितलंच नाही, मला तिचा राग यायला हवा होता आणि तो कुठूनही येत नव्हता. बाबा कुशीवर वळले आणि उठून बसले. मला वाटलं, आता ते ओरडतील, किंवा रडतील, आणि दोन्हींपैकी काहीही मला बघायचं नव्हतं. ते म्हणाले, "सांडशी आन."

आईनं सांडशी आणली. त्यांनी ती उजेडात धरली, उघडमीट करून तिचे जबडे पाहिले. मग फळी मागवली आणि उरलेल्या तीन नटांवरून अंगठा फिरवला. "पाह्य," ते म्हणाले. "कोपरे खाल्ले समदे. अन् मी म्हनून राह्यलो, माल कच्चा! त्या दुकानदाराले किती शिव्या देल्या म्या मनात. सांडशीनं नट खोलतेत का कोनी?"

"मंग कायनं खोलू? मले काय समजते तुमच्या अवजारातलं?"

"पाना बाजीखालीच तं होता!"

"तुमी बाजीवर होते."

बाबा खाली उतरले, बाजेखालून पान्यांचं गाठोडं ओढलं आणि त्यातला एक काढून आईच्या हातात दिला. माझ्याकडून फाटकाशी सापडलेलं बेरिंग घेतलं, पुसलं, दांड्यावर चढवलं आणि नवा नट दोन बोटांनी फिरवून धरला. "आवळ," म्हणाले. आई उकिडवी बसली. पाना नटावर बसेना, घसरला, तिची बोटं खरचटली. "असा नाइ. पुरा बसू दे त्याले. आता वढ, आपल्याकडं." आईनं जीभ दातांत धरून ओढला. "अजून. अजून. बस! आता खोल." तिनं खोलला. "आता पुन्हा आवळ." मळलेलं पीठ आत वाळत होतं आणि आई ओसरीत नट आवळत आणि खोलत होती. बाबांनी तिच्याकडून ते इतक्या वेळा करून घेतलं की शेवटी ती वैतागून म्हणाली, "झालं ना आता? येते ना मले?"

"झालं," बाबा म्हणाले. "आता चाल घे."

"म्हंजे?"

"जिनमदी रिवाज असते. ज्यानं मशीन खोललं, पयली चाल त्यानं घ्याची, चालवून पाह्याची. दुसऱ्या कोनाले पुढं नाइ करायचं." ते उभे राहिले, अंगात नुसता बनियन, आणि फळी उचलून कोब्याकडे निघाले. आई त्यांच्यामागून बोलत गेली: मी लुगड्यातली बाई, माझं वय काय, लाइन बघून राहिली, लोकं काय म्हणतील, तुमाले काय वेड लागलं. बाबांनी फळी कोब्यावर ठेवली आणि तिच्याकडे बघत थांबले. लाइन खरोखरच बघत होती, शेवंताकाकू सगळ्यात पुढे. आईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे पाहिलं, लुगडं घोट्यांपाशी घट्ट धरलं आणि फळीवर बसली.

बाबांनी मागून तिच्या खांद्यांवर हात ठेवून ढकललं. फळी सुटली. आई किंचाळली, अगदी जिनच्या दिवसांतल्या आवाजात, "धरा! धरा वो!" आणि बाबा धावले. ज्या माणसाला दोन दिवस कूस बदलताना मी बघितलं नव्हतं तो माणूस बनियनवर, अनवाणी, त्या लांबच लांब कोब्यावर आईच्या मागे धावत होता आणि ओरडत होता, "हात खाली नको टेकू! हात वर घे!" पार फाटकाच्या अलीकडे त्यांनी तिला गाठलं आणि दोन्ही दंडांना धरून थांबवलं. मी प्लास्टरचा हात सांभाळत तिथवर पोचले तेव्हा दोघं धापा टाकत होते. आई फळीवरून उठली नाही. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, नाक पुसलं आणि खाली, मागच्या डाव्या चाकाकडे बोट दाखवलं.

"हे चाक आवाज करून राह्यलं," ती म्हणाली.

मी अगदी जवळ उभी होते, आणि इतके दिवस त्या चाकांवर काढल्यानंतर त्यांचा आवाज मला तरी कळायला हवा होता. ते चाक बाकीच्या तिघांहून वेगळा आवाज मुळीच करत नव्हतं. बाबा खाली बसले. त्यांनी आईकडे बघितलं, आई त्यांच्याकडे बघत होती. मग त्यांनी चाक एका बोटानं फिरवलं आणि कान जवळ नेला.

"हाव," ते म्हणाले. "उद्या खोलून पाह्यतो."